ज्याचे उत्तर त्यानेच द्यावे
(वाचनपाठ : मत्तय १६:१३-२३)



हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी, यार्देनेच्या उगमाजवळ, फिलिप्पाचे कैसरिया हे नगर होते. तेथील खडकातील गुहेपाशी पान नामक ग्रीक देवाचे स्थान होते. अशा प्रांतात प्रभूने शिष्यांस विचारले की, लोक मला कोण समजतात? उत्तरे तत्काळ मिळाली : कोणी योहान म्हणतात, कोणी एलीया, कोणी यिर्मया. लोकांचे मत सांगण्यास काही मोल पडत नाही. मग प्रभूने त्यांचे स्वतःचे मत विचारले, तेव्हा एकटा पेत्र बोलला.

प्रियजनहो, पहिल्या प्रश्नाची उत्तरे आमच्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आमचे नाव मंडळीच्या वहीत आहे, असे आम्ही सांगतो. बापाची जमीन मुलाच्या नावावर चढते. विश्वास तसा चढत नाही. आम्हां पाळकांसही हीच भूल पडते. टीकाकारांची मते आम्ही उपदेशात सांगतो, परंतु तीही लोकांचीच मते होत.

रे. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंना त्याचे अपार दुःख झाले. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. स्वतःच्या मनाची खात्री पटली तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या विश्वासावर त्यांनी आपले काम भागविले नाही. उलट पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीच इंग्लंडात झाला होता. तथापि आपणांस प्रथम ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र मागाहून सापडला, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या साक्षीत दिली. एवढ्या विदुषीने हे सांगण्यास संकोच केला नाही, मग आम्ही का करावा?

कोणी म्हणेल, सर्व समजल्यावाचून उत्तर कसे द्यावे? पेत्रास तरी सर्व कोठे समजले होते? प्रभूने आपल्या दुःखसहनाविषयी सांगताच तो त्यास अडवू लागला, व प्रभूने त्याची कडक शब्दांत कानउघाडणी केली. परंतु त्यास टाकले नाही. शिवाय, ही ओळख पेत्रास मनुष्याकडून नव्हे, तर स्वर्गीय पित्याकडून झाली, असे प्रभूने स्वतः सांगितले. म्हणून ज्यास उत्तर सापडत नाही त्याने पित्याजवळ मागावे.

उत्तर केवळ ओठांनी द्यावयाचे नाही. येशू माझा प्रभु आहे असे म्हणणाऱ्याने शेजाऱ्याचा बांध कोरू नये, व बाजारात खोटे माप वापरू नये.

तर आज रात्री घरची प्रार्थना झाल्यावर आपण प्रत्येकाने थोडा वेळ एकांतात बसावे, आणि प्रभूचा तो दुसरा प्रश्न आपणांसच विचारलेला आहे असे समजावे. मला अजून कळत नाही, एवढेच उत्तर निघाले, तर तेच प्रभूस खरेपणाने सांगावे. दुसऱ्याच्या पाठ केलेल्या कबुलीपेक्षा त्यास ते अधिक प्रिय होईल. प्रभु आम्हां सर्वांस साहाय्य करो. आमेन.