गळ्याआधी कान

सहा-सात वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी गाव, घरातली भाषा कानडी, साल 1930 च्या आसपासचं. ग्रामोफोनवर तबकडी फिरते आहे, मिनिटाला 78 फेरे, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. तेवढ्यात अब्दुल करीम खाँ किंवा वझेबुवा यांनी रागाची काय ती ओळख करून द्यायची. तबकडी थांबते. मुलगा तोंड उघडतो आणि तेच गाणं, त्याच हरकती, त्याच ताना जशाच्या तशा म्हणून दाखवतो.

इथे आपण ‘दैवी देणगी’ म्हणतो आणि पुढे सरकतो. आज सरकू नका. त्या मुलापाशी जरा बसा.

त्याला रागाचं नाव ठाऊक नाही. आरोह-अवरोह कुणी सांगितलेला नाही. समेची व्याख्या त्याला विचारली तर तो तुमच्याकडे बघत राहील. पण सम कुठे पडते ते त्याचं अंग जाणतं. लोक टाळ्या वाजवतात त्या गळ्याला, खरं काम मात्र त्याआधीच होऊन गेलेलं आहे. तीन मिनिटं तो मुलगा नुसता कान होता. त्या तीन मिनिटांत त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं, काही निवडायचं नव्हतं, काही नाकारायचंही नव्हतं.

आपण शेवटचं असं कधी ऐकलं, हे मनाशी विचारून बघा. ‘ही चाल अमक्यासारखी आहे’ असं मध्येच मनात न येता. उत्तर सापडलं नाही तरी हरकत नाही, प्रश्न थोडा वेळ राहू द्या.

हा मुलगा म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, जन्म 8 एप्रिल 1924. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि पुढे तेच नाव झालं. गावोगाव त्याचे कार्यक्रम झाले. म्हणजे या माणसाची कारकीर्द आधी सुरू झाली आणि शिक्षण मागून आलं. हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. बहुतेक गायक उमेदवारी करतात आणि मग मंचावर बसतात. इथे मंचावर बसून झालेला अकरा-बारा वर्षांचा मुलगा मुंबईत ऑपेरा हाउसजवळ प्रोफेसर बा. र. देवधरांच्या शाळेत येतो. 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या परिषदेत तो गातो आणि थोरामोठ्यांना चकित करतो. चकित करणं हे त्याच्या हातचं काम होतं. त्यापुढचं शिकायचं होतं.

देवधर स्वतः विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, पण त्यांच्याकडे घराण्यांची दारं लावलेली नसायची. अनेक घराण्यांचे गवई तिथे येत, गात, गप्पा मारत. तिथे कुमारांनी खूप ऐकलं. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्यांना तालीम मिळाली. पण अनेकांचं ऐकणं आणि अनेकांसारखं गाणं यात फरक असतो, आणि तो फरक कळायला वेळ लागतो. ज्याला कुणाचीही नक्कल करता येते, त्याला स्वतःचा आवाज शोधणं इतरांहून अवघड जात असावं. त्याच्याकडे उसनं द्रव्यच एवढं असतं की कमवायची निकड भासत नाही.

इथे एक श्वास घ्या. तुमच्या कामात, बोलण्यात, लिहिण्यात, मुलांना रागावण्यातसुद्धा, उसनं किती आहे ते आठवा. ते टाकून द्यायला कुणी सांगत नाही. फक्त ते कुणाचं आहे ते ओळखा. बाबांचं, एखाद्या शिक्षकांचं, एखाद्या पुस्तकाचं. ओळखलं की पुढे चला.

आता खाटेवर पडून राहायचं आहे.

30 जानेवारी 1948 रोजी कुमार देवासला आले. त्या संध्याकाळी दिल्लीहून गांधीहत्येची जी बातमी आली तिच्यापुढे बाकी सारं गप्प झालं. त्यांना क्षयानं गाठलं होतं, आणि माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून हे गाव निवडलं होतं. वय तेवीस. आदल्याच वर्षी लग्न झालेलं. डॉक्टरांनी गायला मनाई केली. ही मनाई सुमारे पाच वर्षं टिकली, आणि एक फुफ्फुस कायमचं निकामी झालं.

ही गोष्ट सांगताना आपल्याकडे एक सवय आहे. आजारपण आलं म्हणून त्यांचं गाणं वेगळं झालं, असं म्हणून आपण त्या रोगाला जवळजवळ गुरुपद देऊन टाकतो. मला हे पटत नाही. क्षयानं कुणाला गायक केलेलं नाही, त्यानं माणसं नेली. कुमार वाचले ते तेव्हा नुकत्याच हाताशी आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनमुळे आणि पत्नी भानुमतीबाईंमुळे. त्या स्वतः देवधरांकडे शिकलेल्या गायिका. त्यांनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, नवऱ्याची शुश्रूषा केली. 1961 साली बाळंतपणात त्या गेल्या. आजारपणाच्या त्या पाच वर्षांत भानुमतीबाईंचं स्वतःचं गाणं कुठे होतं, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. या मननात त्यालाही जागा असू द्या.

खाटेनं काय दिलं असेल, तर तबकडीवर नसलेलं ऐकायला सवड दिली. खिडकीबाहेर पाखरं होती, बाजाराला जाणारी माणसं होती. लग्नाघरी, सणावारी, पावसाच्या तोंडावर माळव्यातल्या बायका गात होत्या. दारावरून जाणारे नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं म्हणत जात होते. यातलं काहीच मैफलीसाठी नव्हतं, ‘वाहवा’ची कुणाला अपेक्षा नव्हती. आणि ऐकणाऱ्याला ते लगेच गाऊन दाखवण्याची मुभा नव्हती. लहानपणी कान आणि गळा यांच्यात अंतरच नव्हतं. आता पाच वर्षांचं अंतर पडलं.

आहात तिथेच डोळे मिटा. सगळ्यात दूरचा आवाज आधी शोधा: रेल्वे असेल, कुणाची बोअरवेल असेल, भोंगा असेल. मग त्याच्या अलीकडचा. शेजारच्या कुकरची शिट्टी, जिन्यावरच्या चपला. मग खोलीतला पंखा. पंख्याला सूर असतो. तो गुणगुणू नका. एवढीच अट आहे, गुणगुणायचं नाही. पाच मिनिटांत गळा अस्वस्थ व्हायला लागतो, ऐकलेलं लगेच आपलं करून टाकायची घाई होते. त्या घाईकडे बघा. कुमारांना ती किती झाली असेल!

बायकांच्या त्या गाण्यांत स्वर फार नसतात. चार, पाच, क्वचित सहा. त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा, काम संपेपर्यंत. शास्त्रीय गाणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटायला हवं. कुमारांना त्यात उलटी दिशा दिसली. राग आधी आणि लोकगीत हे त्याचं साधं रूप, असं नसून धून आधी आणि राग तिच्यातून वर आलेला. मग ज्या धुनांतून अजून राग निघालेला नाही, त्यांतून आजही निघू शकेल. त्यांनी तो काढला. असे राग धुनउगम राग म्हणून ओळखले जातात: मालवती, संजारी, निंदियारी, गारुड्याच्या पुंगीवरून सुचलेला अहिमोहिनी. 1969 च्या गांधी जन्मशताब्दीला केलेला गांधी मल्हारही त्यांचाच. बंदिशींचं पुस्तक ‘अनूपरागविलास’ 1965 साली आलं.

बंदिश रचणं म्हणजे काय, यावर थोडं रेंगाळू या, कारण गाणं ‘लिहिणं’ या शब्दानं आपण फसतो. कागदावर बंदिश चार-पाच ओळींची असते, दोन स्थायीच्या, दोन-तीन अंतऱ्याच्या. वाचायला बसलात तर अर्ध्या मिनिटात संपते आणि कविता म्हणून बऱ्याचदा फिकीच वाटते. पण रचणाऱ्यानं काय ठरवलेलं असतं ते बघा. मुखड्याचं पहिलं अक्षर कितव्या मात्रेवर उचलायचं. समेवर कुठलं अक्षर येऊ द्यायचं, ‘आ’कारी की ओठ मिटवणारं. कुठला स्वर आधी दाखवायचा आणि कुठला अंतऱ्यापर्यंत राखून ठेवायचा. एवढं ठरलं की रचनाकार बाजूला होतो, आणि उरलेलं गाणं दर मैफलीत नव्यानं व्हायचं असतं. सिनेमातलं गाणं ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पुरं होतं. बंदिश कधीच पुरी होत नाही, ती फक्त पुन्हा मांडली जाते. कुमारांच्या बाबतीत रचणारा आणि गाणारा एकच, म्हणजे स्वतःच्याच चार ओळींपाशी दर वेळी त्यांना अनोळखी होऊन जावं लागत असणार. जी गोष्ट आपणच केली, तिच्याकडे पहिल्यांदा पाहिल्यासारखं बघायचं. करून बघा: काल पाठवलेलं स्वतःचंच पत्र आज परक्याचं म्हणून वाचा.

1953 साली, अलाहाबादला, ते पुन्हा मैफलीत बसले.

आता मंचाजवळ या. पडदा अजून वर गेलेला नाही. दोन तानपुरे लावणं चाललं आहे, आणि कुमारांच्या मैफलीत ते लवकर आटपत नसे. भोपळे बहुधा सोलापूर जिल्ह्यातले, तानपुरे मिरजेत घडलेले. पहिली तार पंचमाची. मालकंससारखा राग असेल तर मध्यमाची, मारवा-पूरियासारखा असेल तर निषादाची. मधल्या दोन जोडीच्या, षड्जाच्या. शेवटची खर्जाची. खुंटी पिळून तार जवळपास आणायची, मग खालचा मणी केसभर सरकवून नेमकी करायची. आणि मग घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवायचा, जवारीचा. तो जागेवर येईपर्यंत तार नुसती वाजते. आला की तिच्यातून झंकार उघडतो.

खर्जाची तार छेडली जाते. तिच्याकडे कान ठेवा. आधी जाड षड्ज. तो थोडा विरू द्या. त्याच्यावर, बराच उंच, एक दुसराच स्वर हळूहळू उमलतो: गंधार. चार तारांतली एकही गंधाराला लावलेली नाही. तरी तो आहे, आणि जवारी चांगली असेल तर स्पष्ट आहे. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा हा स्वर तिच्यातच असतो. जुने लोक त्याला स्वयंभू म्हणत. घरी तानपुरा नसेल तर मोबाईलवरच्या ॲपवरही प्रयत्न करता येतो, पण चांगले हेडफोन लावा. फोनच्या इवल्याशा स्पीकरमध्ये खर्जाचा मूळ आवाजच शिरत नाही. पहिल्या दिवशी ऐकू आला नाही तर उद्या पुन्हा बसा. एकदा सापडला की मग तो लपत नाही, उलट इतकी वर्षं कसा ऐकला नाही याचं नवल वाटतं.

कुमार तानपुऱ्यात हे शोधत बसायचे, आणि लोक घड्याळं बघायचे. पण गायकाला ज्या स्वरात शिरायचं आहे ती जागाच तयार होते आहे. पहिला षड्ज लावण्याआधी किती गाणं होऊन गेलेलं असतं!

मग तो षड्ज. छोटा तुकडा, थांबणं. पुन्हा तुकडा, मध्येच वीज चमकावी तशी तान, पुन्हा थांबणं. एका फुफ्फुसावर लांब दम पुरत नव्हता म्हणून अशी गायकी झाली, असं कुणी म्हणतं. आवाज असा टाकायचा हे त्यांनी निर्गुणी गाणाऱ्या जोग्यांकडून उचललं, असं दुसरं कुणी म्हणतं. दोन्ही खरं असू शकतं. मला त्यात रस आहे तो एवढाच, की ज्या जागी दम संपत होता, त्या जागी ते ऐकत होते. त्यांच्या थांबण्यात तानपुरा मोठा होतो. पुढे अनेकांनी ही ढब उचलली. दोन्ही फुफ्फुसं ठणठणीत असलेले गायक नेमके तिथेच दम तोडू लागले. पण त्या तुटलेल्या जागेत त्यांना काही ऐकू येत होतं का, असं विचारावंसं वाटतं.

त्यांच्या शेजारी मल्लिकार्जुन मन्सूर बसवून बघा. तेही त्याच धारवाड-बेळगाव पट्ट्यातले, तेही कानडी घरातले. मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडची जयपूर-अत्रौली तालीम. त्यांच्या गाण्यात एक स्वरवाक्य संपण्याआधी दुसरं सुरू झालेलं असतं, कुठे सुरी घालायची सोय नाही. दोघंही 1992 साली गेले, कुमार जानेवारीत, मन्सूर सप्टेंबरात. एकाच संध्याकाळी दोघांचं थोडं थोडं ऐका, पण डावं-उजवं करू नका. फक्त आपला श्वास कुणाबरोबर कसा चालतो ते बघा. मन्सूरांबरोबर माझा अडकतो आणि मग एकदम सुटतो. कुमारांबरोबर तो आपणहून हळू होतो.

कुमारांनी तेच ते गायला नकार दिला असं नाही, पण दर काही वर्षांनी नवं काही मांडलं: ‘गीतवर्षा’, ‘त्रिवेणी’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. यातल्या शेवटच्या नावात ‘उमजलेले’ हा शब्द आहे. नक्कल करता येणाऱ्यानं बालगंधर्व गाऊन दाखवणं सोपं होतं. त्यांनी आपल्याला काय कळलं ते गायलं, आणि काही जुन्या रसिकांना ते रुचलं नाही. त्यांना हवे होते तेच बालगंधर्व, जसेच्या तसे. रसिकांचंही चुकलं म्हणवत नाही. आवडलेलं पुन्हा मिळावं असं कुणाला वाटत नाही?

मैफलीत मध्यंतरानंतर चिठ्ठ्या येतात. कुणी तरी मागून पुढे सरकवतं, तबलजी उचलतो, गायकापुढे ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही पेन काढलंत तर लिहिण्याआधी क्षणभर थांबा आणि बघा: हे मला ऐकायचं आहे, की मागे ऐकलेलं आठवायचं आहे? उत्तर काहीही आलं तरी चिठ्ठी पाठवायला हरकत नाही. भैरवीची मात्र पाठवू नका, ती यायचीच असते.