साल्वियाला एक तांब्या पाणी

पाण्याच्या एका तांब्यावर तहानलेल्या माणसाचा जेवढा हक्क आहे, तेवढा कुंडीतल्या फुलझाडाचा आहे काय? दुष्काळी मुलखात वाढलेला कोणीही या प्रश्नाचे उत्तर क्षणात देईल. मीही दिले होते. ते देताना झालेली घाई मला आजही सलते.

उमरगा तालुक्यातील मुरुम येथे एका ख्रिस्ती कुटुंबाकडे माझे जाणेयेणे होते. घरातील निवृत्त शिक्षिकेला सारी गल्ली ‘बाई’ म्हणूनच ओळखते. बाईंना साल्वियांचा छंद. हिवाळ्यात सार्वजनिक बागांतून लाल ताटवे दिसतात, तो मूळचा ब्राझीलचा साल्विया सर्वांच्या परिचयाचा आहे. बाईंचे मन मात्र त्याच्या दुर्मीळ भावंडांवर जडलेले. निलगिरीहून परतताना ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या फांद्यांपासून त्यांनी रोपे केली होती. एकाची पांढरी फुले जांभळ्या मखमली कोशांतून डोकावत. दुसऱ्याचे पान चुरगळले की अननसाचा वास येई आणि नाताळच्या सुमारास त्याला लालभडक तुरे येत. दोन्ही झाडे मेक्सिकोची. तरीही ती अगदी परकी नव्हेत, कारण आपली तुळस त्याच कुळातली आहे. तोच चौकोनी देठ, तेच दोन ओठांचे फूल. बहुतेक साल्वियांच्या फुलात मधमाशी शिरली की तिच्या धक्क्याने आतला पुंकेसर तरफेसारखा खाली झुकतो आणि तिच्या पाठीवर पराग टेकवतो. बाईंनी काडी घालून मला ते दाखविले होते. आणि हे नाव लॅटिनमधील ज्या शब्दांवरून आले त्यांचा अर्थ बरे होणे, तारण पावणे असा आहे. तारणाऱ्याला लॅटिनमध्ये ‘साल्वातोर’ म्हणतात, हे सेमिनरीत ती भाषा शिकलेल्या माझ्यासारख्याला विसरता येत नाही.

थंड देशांतले माळी या जातींना नाजूक म्हणतात ते हिमामुळे. कडाका पडण्यापूर्वी ते फांद्या कापून घरात आणतात. मुरुमला सारे उलटे. येथे चैत्र-वैशाखाचे ऊन हाच त्यांचा काळ. काळ्या मातीत पाणी साचले तर मुळे कुजतात, म्हणून बाई तीत मुरुम मिसळीत. (गावाच्या नावाचे असे सार्थक दुसऱ्या कोणी केले नसेल.)

मग २०१६ चा उन्हाळा आला. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेच हे वर्ष. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. बाईंच्या गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग लागे. तिथेच एके दिवशी शेजारीण म्हणाली, “बाई, माणसांना पाणी नाही आणि तुम्ही फुलं जगवताय? ना देवाला वाहायची, ना खायची!” तिचे खोटे नव्हते. साल्वियाचे फूल लवकर गळते, वेदीवरच्या फुलदाणीतही ते टिकत नाही.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर बाई थांबल्या. “फादर, हे पाप आहे का?”

“पाणी आधी माणसांचं, बाई,” मी म्हणालो. नीतिशास्त्राचा तो पहिलाच धडा. आधी गरज, मग हौस. बाईंनी मान हलविली आणि त्या निघून गेल्या.

रात्री मला बेथानी आठवली. मरियेने प्रभूच्या चरणांवर मोलाचे सुगंधी तेल ओतले तेव्हा ते तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले होते. यहूदाची दानत वाईट होती म्हणून त्याचा हिशेब खोटा ठरत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर शिष्यच तो हिशेब मांडतात. शिवाय हा प्रसंग हाती सापडला तर टँकरच्या पाण्यावर हिरवळ राखणारे धनिक आनंदाने तो पाठ करतील. पण मरियेने ओतले ते तिचे स्वतःचे होते. जुन्या करारात दावीद राजाला बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी प्यावेसे वाटले. तिघा वीरांनी शत्रूची फळी फोडून ते आणले, तर त्याने ते तोंडाला न लावता प्रभूपुढे ओतून टाकले. त्या पाण्यात त्याला त्यांचे रक्त दिसले. म्हणजे पाणी कशाला वापरले याआधी ते कोणाच्या वाट्याचे होते, हे विचारायला हवे. मी बाईंना नेमके तेच विचारले नव्हते.

पुढच्या भेटीत विचारले. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी आणि स्वतःच्या अंघोळीतून वाचविलेला एक तांब्या, एवढ्यावर त्यांच्या कुंड्या जगत होत्या. मला हायसे वाटले. तोच त्या म्हणाल्या, “पण फादर, तांदळाचं पाणी पूर्वी शेजारणीच्या शेळीला जायचं.”

दुष्काळात अगदी निर्दोष असे पाणी नसतेच. योना संदेष्ट्याची गोष्ट मी त्या दिवसापासून वेगळी वाचू लागलो. सावली देणारे झुडूप वाळले म्हणून तो मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्या हळहळीची थट्टा केली नाही. तिचाच धागा धरून त्याने योनाला निनवेच्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांपर्यंत आणि तिथल्या गुरांपर्यंतही नेले. असिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक भाग रानफुलांसाठी राखून ठेवायला सांगत, याची आठवण पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रात दिली आहे. तो भाग किती मोठा, आणि विहीर आटल्यावर त्याचे काय करावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. माझे उत्तर चुकले होते असे मी आजही म्हणणार नाही; मात्र झाडावर जीव लावणाऱ्या बाईला ते देताना माझा स्वर न्यायाधीशाचा होता.

बाईंनी तोवर आपला निर्णय घेतलाही होता. शेळीचे पाणी शेळीला परत गेले. कुंड्या एकेक करून वाळल्या. जांभळ्या मखमलीचे ते झाड कायमचे गेले. अननसाच्या वासाची एक फांदी तेवढी त्यांनी पेल्यात ठेवली होती, स्वयंपाकघरात, माठाच्या ओलाव्याशी. मृगात ती मातीत गेली आणि रुजली.

त्या नाताळात शेजारणीच्या दारातही एक कुंडी दिसली. शेळीने तोंड लावू नये म्हणून तिच्याभोवती बाभळीचे काटे रचले होते.