अनोळखी मनुष्याशीं वाद

शेजाऱ्याशीं वाद करतांना चूक झाली तर ती दुरुस्त करावयास उद्यांचा दिवस असतो. तो विहिरीवर, बाजारांत किंवा दारांतच पुन्हां भेटतो, आणि "काल मी जरा अधिक बोललों" असें म्हणावयाची सोय होते. परंतु ज्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, ज्याचें घर आपण पाहिलें नाहीं, आणि जो घटकाभरानें गर्दींत नाहींसा होणार आहे, अशा मनुष्याशीं वाद करतांना सत्याचें बंधन सैल होतें कीं अधिक घट्ट होतें? प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. मलाही तो तसाच वाटत असे.

घाटकोपर हें मुंबईच्या उपनगरांतील मध्य रेल्वेचें स्टेशन. खेड्यांतील पुष्कळ वाचकांनीं तें पाहिलें नसेल. 2014 सालच्या जून महिन्यांत वर्सोव्याहून अंधेरीमार्गें येणारी मेट्रो येथवर सुरू झाली, तेव्हांपासून दोन्हीं मार्गांचीं माणसें येथें एकमेकांत मिसळतात, आणि संध्याकाळीं फलाटावर पाय ठेवावयास जागा नसते. डब्यांत शिरलें म्हणजे परक्याचा खांदा आपल्या खांद्यास लागतो व त्याचा मोबाईल आपल्या नाकासमोर येतो. मग एकानें मोबाईलवर कांहीं वाचून उद्गार काढिला कीं दुसरा उत्तर देतो, तिसरा हंसतो, आणि जे कधीं एकमेकांस भेटले नाहींत ते विज्ञानाच्या मोठमोठ्या प्रश्नांचा निकाल मुलुंड येण्यापूर्वीं लावून टाकतात!

अशाच एका संध्याकाळीं एक मध्यम वयाचा मनुष्य आपली तक्रार सांगत होता. त्याच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसविला होता. भाडें सोसायटीला मिळतें, आणि कॅन्सर मात्र वरच्या मजल्यावरच्यांना मिळणार, असें त्याचें म्हणणें होतें. मी पुढें सरसावलों. विज्ञानाची थोडी आवड, समजावून सांगण्याची जुनी संवय, आणि खरें सांगावयाचें तर ऐकणाऱ्यांचा घोळका, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे माझी जीभ आवरत नाहीं. मीं सांगितलें कीं, टॉवरच्या लहरी रेडिओच्या जातीच्या असतात. क्ष-किरणांप्रमाणें अणूंतील इलेक्ट्रॉन उपटून काढण्याइतकी शक्ति त्यांत नसते. फार प्रबळ असल्या तर त्या शरीरास ऊब देतात, एवढेंच. आणि अंतर दुप्पट झालें कीं त्यांचा जोर चौथाईवर येतो. येथवर सर्व ठीक होतें. तेव्हां तो म्हणाला, "पण साहेब, जागतिक आरोग्य संघटनेनेंच ह्या लहरी कॅन्सरच्या यादींत घातल्या आहेत, त्याचें काय?"

मला हें ठाऊक नव्हतें. मीं उत्तर दिलें, "तो अहवाल मीं वाचला आहे. त्यांत असें कांहीं नाहीं."

मीं कोणताही अहवाल वाचला नव्हता.

आजूबाजूचे लोक हंसले. हातांतील पुस्तकांची पिशवी व नाकावरचा चष्मा पाहून त्यांनीं मला कोठला तरी प्राध्यापक समजून घेतलें असावें, आणि मींही तो समज मोडिला नाहीं. तो मनुष्य गप्प झाला व भांडुपला उतरला.

घरीं येऊन मीं शोध केला. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरविषयीं संशोधन करणारी संस्था फ्रान्समधील लियों शहरीं आहे. तिनें 31 मे 2011 रोजीं रेडिओलहरींचें क्षेत्र "कदाचित् कॅन्सरकारक" अशा वर्गांत, म्हणजे 2बी ह्या वर्गांत, घातलें होतें. ह्या वर्गाचा अर्थ एवढाच कीं, पुरावा तुटपुंजा आहे, परंतु शंका पूर्णपणें फेडतां येत नाहीं. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून आपली नित्याची कॉफीही 2016 पर्यंत ह्याच वर्गांत होती. पुढें 2024 सालीं त्याच आरोग्य संघटनेनें करविलेल्या एका मोठ्या पाहणींत मोबाईलचा वापर व मेंदूचा कॅन्सर ह्यांचा संबंध आढळला नाहीं. म्हणजे त्या मनुष्यानें काढिलेलें अनुमान टिकत नाहीं. परंतु त्यानें सांगितलेली गोष्ट खरी होती. माझें अनुमान बरेंच बरोबर होतें, आणि माझी साक्ष खोटी होती.

शिवाय त्याची भीति कांहीं आकाशांतून पडली नव्हती. घाटकोपराहून फार दूर नसलेल्या पवई येथील आयआयटीचे प्राध्यापक गिरीश कुमार ह्यांनीं डिसेंबर 2010 मध्यें दूरसंचार खात्यास अहवाल देऊन टॉवरच्या लहरींवर फार कडक मर्यादा घालावी असें प्रतिपादिलें होतें. त्यांचे सर्व निष्कर्ष इतर शास्त्रज्ञांस मान्य नाहींत. तरी सरकारनेंच सप्टेंबर 2012 पासून आपल्या देशांतील मर्यादा पूर्वीच्या दहाव्या हिश्श्यावर आणिली. ज्या गोष्टीविषयीं प्राध्यापक बोलतात व सरकार नियम बदलतें, त्या गोष्टीविषयीं वरच्या मजल्यावरील गृहस्थानें चिंता करावी ह्यांत हंसण्याजोगें काय होतें?

मनानें लगेच सबबी पुढें केल्या. पहिली अशी कीं, मीं सत्याचीच बाजू घेतली. सबब गोड आहे, परंतु साक्षीदारास कोर्टांत विचारतात तें त्याची बाजू कोणती हें नव्हे. त्यानें काय पाहिलें हें विचारतात. न पाहिलेलें पाहिलें म्हणणारा, आरोपी खरोखर दोषी असला तरी, नववी आज्ञा मोडतोच. दुसरी सबब अशी कीं, ह्यानें कोणाचें नुकसान झालें? नुकसान दोघांचें झालें असें मला वाटतें. जे हंसले त्यांनीं माझ्या चष्म्यावर विश्वास ठेविला, विज्ञानावर नव्हे; उद्यां दुसरा कोणी मोठा चष्मा लावून उलट सांगेल तर तेंही ते मानतील. आणि ज्याला मीं गप्प केलें त्यानें घरीं जाऊन मोबाईलवर तें वाक्य पुन्हां शोधलें असेल, तें त्याला सांपडलें असेल, आणि "शिकलेलीं माणसें खोटें बोलतात" हा त्याचा ग्रह पक्का झाला असेल. त्यानंतर त्याला कोणीं खरेंही सांगितलें तरी तो कशास ऐकेल?

आणखी एक गोष्ट मला फार उशिरां उमगली. त्याच्या तक्रारींत लहरी होत्या तसें भाडेंही होतें. गच्ची सर्वांची, भाडें सर्वांचें, आणि धास्ती मात्र एका मजल्याची. त्याला कोणीं विचारलें होतें काय? हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा नव्हे, न्यायाचा आहे. खेड्यांतही एखाद्याच्या शेतांत टॉवर उभा राहतो, भाडें त्याच्या घरीं जातें, आणि कुरकूर शेजारच्या वस्तींत ऐकूं येते. तेथें लहरींचें गणित सांगून लोकांस गप्प करूं पाहणारा मनुष्य त्यांनीं न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देत असतो. लहरींविषयींच सांगावयाचें तर एक उपयोगाची गोष्ट सांगण्याजोगी होती व ती मीं सांगितली नाहीं: टॉवर दूर असला कीं मोबाईलला जोर करावा लागतो, आणि मोबाईल तर कानाशींच असतो. वाद जिंकण्यास ह्या माहितीचा उपयोग नव्हता, म्हणून ती राहून गेली.

मुंबईस परक्यांशीं वाद करण्याची चाल जुनी आहे. 1857 च्या आरंभीं समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी मंडळी ह्यांचा धर्माविषयीं उघड वाद चालला होता, आणि रेव्ह. जॉर्ज बोवेन ह्यांनीं त्याचा वृत्तांत त्याच वर्षीं छापला. भोंवतीं गर्दी असे, शब्द तिखट असत. परंतु ते आठवड्या आठवड्यानें पुन्हां तेथेंच जमत. एकानें चुकीचा दाखला दिला तर दुसऱ्यास मधल्या दिवसांत तो पडताळून पाहतां येई, आणि पुढच्या सभेंत त्याचा जाब विचारतां येई. पुढच्या भेटीची ही धास्तीच कित्येकदां आपणांस प्रामाणिक ठेविते. आगगाडींत ती नसते. तेथें आपणच आपल्यावर पहारा ठेवावा लागतो. म्हणून अनोळखी मनुष्यापाशीं सत्याचें बंधन अधिक घट्ट असतें असें मी आतां समजतों. त्याला दिलेलें खोटें नाणें परत घ्यावयास आपण त्याच्या दारीं जाऊं शकत नाहीं.

कोणी म्हणेल, मग वाद करूंच नये. तेंही मला पटत नाहीं. 2021 च्या मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, माणसें 5जीच्या चाचण्यांमुळें मरत आहेत अशी आवई उठली. देशांत कोठेंही 5जीची चाचणी सुरू झालेली नाहीं असें दूरसंचार खात्यास जाहीर करावें लागलें. ती सेवा तर ऑक्टोबर 2022 मध्यें सुरू झाली. अशा वेळीं, ज्याच्या घरीं आजारी माणूस आहे तो डॉक्टर सोडून टॉवरकडे बोट दाखवूं लागला, तर गप्प बसणारा सभ्य ठरत नाहीं. तेथें बोललेंच पाहिजे, परक्याशींही, आणि त्याला राग आला तरीही. मात्र किती ठाऊक आहे तितकेंच बोलावें. भांडुपच्या त्या मनुष्यास कसली घाई नव्हती, कोणाचा जीव अडला नव्हता. "हें मला ठाऊक नाहीं, तुम्हीं कोठें वाचलें?" एवढें विचारावयास घाटकोपर ते भांडुप पुरेसा वेळ होता.

वर्तमानपत्रांत चूक झाली तर पुढच्या अंकांत दुरुस्ती छापतात. मी अजूनही पुष्कळदां त्याच वेळच्या गाडीनें जातों. तो मला पुन्हां दिसला नाहीं, आणि दिसला तरी त्या गर्दींत ओळखीनच असें नाहीं. जे हंसले त्यांतील कोणाच्या हातीं हें पत्र पडेल हेंही संभवत नाहीं. तरी ती यादी व तो वर्ग ह्यांविषयीं तो बरोबर बोलला होता, आणि मीं तो अहवाल वाचला नव्हता, हें येथें लिहून ठेवितों.