पाहणाऱ्याचे प्रेम आणि साथीतले प्रेम

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, जनावरांच्या बाजारालगत तमाशाच्या राहुट्या पडतात, जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव होतो, आणि अस्सल लावणी कोणती व अश्लील कोणती या अलीकडे सतत चाललेल्या वादालाही खतपाणी मिळते. हा वाद उथळ आहे, कारण त्यातील दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते: नाचणारी स्त्री पाहिली जाण्यासाठी असते, आणि ती कशी दिसावी एवढेच काय ते ठरवायचे बाकी आहे. तिच्या शेजारी उभा असलेला विशीतला ढोलकीवाला, तिची त्याच्याशी असलेली ओढ, एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या गाडीत उमलणारे त्यांचे तारुण्य यांना या वादात जागाच नसते.

मराठी चित्रपटानेही बहुधा हेच केले आहे. ‘पिंजरा’ (१९७२) मध्ये नर्तकीच्या मोहाने एक आदर्श शिक्षक उद्ध्वस्त होतो आणि ‘चंद्रमुखी’ (२०२२) मध्ये एक राजकीय पुढारी गुंततो. दोन्हीकडे प्रेम करणारा पुरुष तमाशाच्या फडाबाहेरून येतो आणि कथेचा तोल त्याच्या पतनाकडे किंवा प्रतिष्ठेकडे झुकतो. ‘नटरंग’ (२०१०) आतल्या माणसांच्या सर्वांत जवळ जातो हे कबूल केले पाहिजे, परंतु त्याचा नायक विवाहित आहे आणि चित्रपटाचा खरा विषय त्याची कलेवरची निष्ठा व त्यासाठी सोसलेली अवहेलना हा आहे. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि पवळा यांची कथाही अशीच एका बाजूने सांगितली जाते: रेठरे हरणाक्षच्या ब्राह्मण कुलकर्ण्याने महार समाजातील कलावतीसाठी जात सोडली, हा त्याग पिढ्यान्‌पिढ्या मोजला गेला, मात्र त्याची कवने आणि तिचा गळा यांवर एक फड उभा राहिला, म्हणजे ते दोघे आधी एकत्र काम करणारे कलावंत होते, ही गोष्ट कौतुकाच्या तळटिपेत गेली.

ही उणीव भरून काढण्यासाठी फिरत्या कलावंतांच्या तरुण प्रेमावर कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहावी, या कल्पनेवर एक वजनदार आक्षेप घेतला जातो आणि त्याचा सविस्तर विचार करणे आवश्यक आहे. आक्षेप असा की, तमाशा ही जात, दारिद्र्य आणि स्त्रीदेहाचा बाजार यांनी घडवलेली व्यवस्था असल्याने तिच्यातील प्रेमकथा म्हणजे शोषणावर घातलेले रंगीत पांघरूण होय. या मताच्या समर्थनार्थ किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाचा दाखला देता येतो आणि तो दाखला अस्सल आहे. चिरा उतरण्याचा विधी, म्हणजे पैसे मोजून एखाद्या पुरुषाने नर्तकीवर पहिला हक्क मिळवणे, आणि तिच्या कमाईवर विसंबून राहणारे घर, यांचे त्यात आलेले चित्र वाचल्यावर कोणत्याही गुलाबी कल्पना टिकत नाहीत.

तथापि या दाखल्यातून आक्षेपकांचा निष्कर्ष निघत नाही. त्या आत्मकथनातील आरोप प्रेमावर नाही. पैसा आणि सत्ता हाती असलेल्या, प्रेमाचे नाव घेऊन येणाऱ्या आणि सोयीनुसार निघून जाणाऱ्या बाहेरच्या पुरुषावर आहे. त्यावरून फडातील दोन समदुःखी तरुणांच्या ओढीलाही खोटे ठरवणे म्हणजे आश्रयदात्याचे नाते हेच कलावतीच्या आयुष्यातील एकमेव नाते मानणे होय, आणि येथेच हा कळकळीचा आक्षेप नकळत तिला फक्त पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या रांगेत जाऊन बसतो. शिवाय ज्या घराचा चरितार्थ तिच्या अविवाहित राहण्यावर अवलंबून आहे, त्या घरात ढोलकीवाल्यावर जीव जडणे हे पांघरूण कसे ठरेल? ते तर सगळ्या हिशेबाला दिलेले आव्हान आहे. फडमालकाकडून हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, जिला उचल म्हणतात, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. अशा वेळी दोघांनी निघून जायचे ठरवले तर कोणाची उचल कोणी फेडायची, मागे राहिलेल्या भावंडांचे काय, उद्याच्या सुपारीला, म्हणजे ठरलेल्या खेळाला, ढोलकीवर कोण बसणार, हे प्रश्न प्रेमकथेच्या आतच उभे राहतात. शोषणाचे वर्णन करणारा लेख जे बाहेरून दाखवतो ते प्रेमकथा आतून दाखवू शकते, कारण माणसाला काय हवे होते हे कळल्याशिवाय त्याच्याकडून काय हिरावले गेले हे कळत नाही.

म्हणून सारा प्रश्न एका भेदापाशी येऊन थांबतो. पाहणाऱ्याचे प्रेम अंतरावरून जन्मते. त्याला समोरची व्यक्ती पूर्ण झालेल्या रूपात, शृंगार करून, उजेडात भेटते. साथीतले प्रेम, म्हणजे वादकाने गाणारीला किंवा नाचणारीला दिलेल्या साथीतून वाढलेले प्रेम, कामातून जन्मते. ढोलकीवाला तिच्या स्वराला जुळवून ढोलकी लावतो, तिचा दम कुठे तुटतो हे ओळखून लय आवरतो, आणि सवाल-जवाबात घुंगरू व ढोलकी एकमेकांना डिवचत असताना ती चुकली तर समेवर तिला सावरून घेतो. तीही त्याच्या हाताला आलेला थकवा बोलाआधी ओळखते. हे ज्ञान पहिल्या रांगेतल्या माणसाला कितीही पैसे उधळून मिळत नाही. सहवासात असूया, मालकी आणि मारहाण असत नाही असा याचा अर्थ नव्हे. फडातला पुरुषही पुरुषच असतो. परंतु साथीत दोघांनाही एकमेकांची गरज असते, आणि समानतेची शक्यता निदान तेथे सुरू होऊ शकते.

तमाशा संपत आला, आता त्यावर काय लिहायचे, असे म्हणणाऱ्यांना माळेगावची गर्दी हे पुरेसे उत्तर आहे. तरुण मराठी वाचत नाहीत, ही तक्रार त्यांच्यासाठी न लिहिणाऱ्यांची आहे. फिरत्या कलावंतांची प्रेमकथा लोकांना भिडू शकते याचे उदाहरण बाहेरही आहे: अमेरिकेत वर्षानुवर्षे एकत्र दौरे करून १९६८ मध्ये विवाहबद्ध झालेल्या जॉनी कॅश आणि जून कार्टर या कंट्री संगीताच्या गायकांची कथा लोकांनी आपली मानली, तिच्यावर २००५ मध्ये चित्रपट झाला. तिथेही दुःख आणि व्यसन लपवावे लागले नाही.

मराठीत किशोरवयीन ओढीला ‘शाळा’ या कादंबरीने वर्ग दिला आणि ‘सैराट’ या चित्रपटाने जातीचा पहारा दाखवला, पण कमावत्या, फिरत्या, हुन्नर शिकत असलेल्या तरुणांचे प्रेम अद्याप आपल्या लेखकाची वाट पाहत आहे. बारावी आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी लातूरच्या शिकवण्यांत मराठवाडाभरातून येणाऱ्या मुलामुलींना, त्यांच्याच वयाची आणि त्यांच्याच मुलखात पाल ठोकणारी माणसे केवळ करमणूक किंवा केवळ करुणा म्हणून भेटत राहिली, तर लावणीवरचे पुढचे वादही आजच्याइतकेच उथळ राहतील. कलावतीला सन्मान द्यायचा असेल तर तिच्याकडे अधिक सभ्य नजरेने पाहणे पुरेसे नाही. तिने स्वतः कोणाला निवडले आणि का निवडले, हे साहित्याने विचारले पाहिजे.