दुखरा गुडघा आणि घरचा सल्ला

घरातल्या आईने किंवा आजीने गुडघा दुखतो म्हटलं, की सल्ला तयार असतो : आता चालणं कमी कर, बसून राहा. तो मायेने दिलेला असतो, पण बहुतेक वेळा त्याने दुखणं वाढतं.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला रक्तवाहिन्या नसतात. पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. पाण्यातला स्पंज दाबून सोडावा तसा हा थर चालताना दबतो, फुलतो आणि द्रव शोषून घेतो. चालणं थांबलं की हे पोषण घटतं. मांडीचा पुढचा स्नायूही बसून बसून दुबळा होतो आणि त्याने पेलायचा भार सांध्यावर येतो. दुखतं म्हणून बसायचं, आणि बसल्यामुळे अधिक दुखायचं!

मला सर्वांत जास्त खटकतं ते पुढचंच. आईचं संध्याकाळचं देवळापर्यंतचं चालणं आपण बंद करतो, पण उकिडवं बसून फरशी पुसणं, मोरीत भांडी घासणं, खाली बसून भाजी निवडणं चालूच राहतं. गुडघ्यावर खरा ताण येतो तो अशा खोल वाकण्याने. त्यामुळे थांबवायचं असेल तर हे थांबवा. लांब दांड्याचा पोछा, बसायला खुर्ची, शौचालयात कमोड, एवढ्यानेही फरक पडतो.

एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणून खचू नये. झीज आणि वेदना यांचं प्रमाण नेहमी जुळत नाही. मांडीच्या स्नायूला बळ यावं म्हणून खुर्चीत बसून एक पाय सरळ करावा, काही क्षण तसाच धरावा, सावकाश खाली आणावा, मग दुसरा. हे रोज करावं. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सूज आली तर प्रमाण कमी करावं. वजन जास्त असेल तर तेही उतरवावं. एक किलो घटलं, की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं अमेरिकेतल्या २००५ च्या एका अभ्यासात आढळलं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा.

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, तो अडकून बसला किंवा पडल्यावर पायावर भार देता येईना, तर मात्र घरी थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा शेवटचा मार्ग आहे. त्याआधी आईला एकदा फिजिओथेरपिस्टकडे घेऊन जा, तिचे व्यायाम तुम्हीही शिकून घ्या, आणि रोज तिच्याबरोबर करा.