रुमालाखालचा सौदा

मंगळवेढ्याच्या अलीकडच्या एका गावात तात्यांच्या दावणीला पाच पंढरपुरी म्हशी होत्या. तात्यांचं नाव सांगत नाही. असे तात्या गावोगाव आहेत. पंढरपुरी म्हैस म्हणजे तलवारीसारखी लांब शिंगं, अंगानं हलकी, दुष्काळातही मालदांडीच्या कडब्यावर तगणारी आणि बहुधा वेळेवर गाभण राहणारी. तिच्या याच गुणावर सोलापूर जिल्ह्यातल्या कित्येक घरांचा दुधाचा हप्ता उभा आहे.

त्यातली तिसऱ्या वेताची म्हैस आठव्या महिन्यात गाभडली. म्हशीचे दिवस भरतात दहाव्या महिन्यात. रात्री मेलेलं पारडं पडलं आणि जार अडकला. तात्यांच्या मुलानं कोपरापर्यंत उघडा हात घालून तो ओढून काढला, सगळं उकिरड्यावर टाकलं आणि हौदावर हात धुतले. सकाळपर्यंत कुत्र्यांनी त्यातलं अर्धं शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीपर्यंत ओढत नेलं होतं.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या मॅडम आल्या. हातमोजे चढवून त्यांनी रक्ताचा नमुना घेतला आणि म्हणाल्या, "ब्रुसेल्लोसिसचा संशय आहे, तात्या. निकाल येईपर्यंत हिला वेगळी बांधा. जे पडलंय ते खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि बाजारात नेऊ नका. रोगी आहे हे माहीत असताना जनावर बाजारात न्यायला २००९ च्या कायद्यानं बंदी आहे."

"मॅडम, तेवढं गावात कुणाला सांगू नका," तात्या म्हणाले. "डेअरीवाला उद्यापास्नं कॅन उचलायचा नाही आमचं."

हे भय कुणी हसण्यावारी नेऊ नये. दहा दिवसांचा हप्ता थांबला की पेंड थांबते, पेंड थांबली की दूध आटतं. तात्या लबाड नव्हते, अडलेले होते. पण अडलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. रक्ताच्या निकालाची वाट न बघता रविवारी म्हैस टेम्पोत चढवून सांगोल्याच्या बाजारात उभी केली.

दलालानं रुमाल टाकला. रुमालाखाली बोटांनी बोटं दाबली, भाव ठरला. हात सोडण्याआधी दलालानं विचारलं, "खोड काय?"

"खोड नाही. गरीब आहे."

यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हैस खरोखरच गरीब होती. लाथ मारत नव्हती, चार जणांत शिंग उगारत नव्हती.

आलेल्या पैशांत थोडे घालून तात्यांनी त्याच बाजारातून सात महिन्यांची गाभण म्हैस घेतली. विकणारा सरळ वाटला. त्याला खोड विचारली, तर तोही म्हणाला, "खोड नाही. गरीब आहे." महिन्याभरात ती गाभडली. मागोमाग घरचीच आणखी एक. मॅडम परत आल्या तेव्हा तात्यांनी एकच धोशा लावला, की रोग नव्या म्हशीबरोबर आला का? मॅडमनी मान हलवली. "बाजारातनं आला की तुमच्याच गोठ्यात राहिला होता, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही."

एवढ्यात मुलगा आजारी पडला. संध्याकाळी ताप भरायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, कंबर धरलेली. टायफॉइड समजून गोळ्या झाल्या, सलाइन झालं. ताप जायचा आणि परत यायचा. शेवटी सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नाडी बघण्याआधी विचारलं, "घरी जनावरं आहेत? एवढ्यात कुठली गाभडली होती का?" बापानं मुलाकडं बघितलं, मुलानं जमिनीकडं. मग डॉक्टरांनी तात्यांना बाहेर बसवलं आणि मुलाला आणखी एक गोष्ट विचारली. त्याच्या अंडाला सूज होती. महिनाभर ती त्यानं बायकोपासूनसुद्धा लपवली होती. बापानं म्हशीचं झाकलं, लेकानं स्वतःचं. एकाच जंतूवर दोन पांघरुणं. रक्ताची तपासणी झाली, रोगाचं नाव कळलं, दोन प्रतिजैविकांचा सहा आठवड्यांचा कोर्स सुरू झाला.

हा रोग काही आजचा नाही. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर तापानं मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या शरीरात हा जंतू शोधला. तो येतो कुठून, हे समजायला आणखी अठरा वर्षं गेली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांनी बेटावरच्या शेळ्या तपासल्या, तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या, भरपूर दूध देणाऱ्या शेळ्यांतच तो निघाला. गायी-म्हशींचा गाभ पाडणारा त्याचा भाऊबंद डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी त्याआधीच, १८९७ मध्ये, शोधला होता.

गोठ्यातल्या सगळ्या जनावरांचं रक्त घेऊन झाल्यावर मॅडम बाजेवर टेकल्या आणि "असं फक्त म्हशींतच होत नाही," म्हणत मोबाइलवर एक फोटो दाखवला. झाडाच्या बेचक्यात बसलेला, गोल कानांचा, अस्वलासारखा दिसणारा प्राणी.

"हा कोआला. ऑस्ट्रेलियात असतो, निलगिरीचा पाला खातो. यांच्यात क्लॅमिडिया नावाचा रोग आहे. डोळे लाल होऊन अंधत्व येतं, लघवीच्या जागी जळजळ होते, माद्यांच्या गर्भाशयाशी गाठी होतात आणि पिल्लं होणंच थांबतं. नर-मादीच्या संगानं पसरतो, आईकडून पोराला जातो. तसलाच जंतू मेंढ्या-गायींत सापडतो. त्यांच्याकडूनच तो कोआलांत गेला असावा, असा संशय आहे. जंगलतोड, वणवे आणि वर हा रोग. २०२२ मध्ये तिथल्या सरकारनं क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधला कोआला संकटग्रस्त ठरवला."

"मग औषध न्हाई व्हय?"

"आहे, पण पोटात पाला पचवणारे जे जंतू असतात, तेही त्या औषधानं मरतात. रोग बरा होतो आणि कोआलावर भरल्या पोटी उपाशी मरायची वेळ येते. म्हणून लस शोधली. सनशाइन कोस्टच्या विद्यापीठात कितीतरी वर्षं काम चाललं, २०२५ मध्ये तिला मान्यता मिळाली. आता एकेकाला झाडावरनं उतरवायचं, टोचायचं, परत सोडायचं."

तात्या फोटोकडं बघत राहिले. "त्याला बिचाऱ्याला मालक न्हाई सांगायला."

"आणि तुमची पारडी दावणीला बांधलेली आहे," मॅडम म्हणाल्या. "चार ते आठ महिन्यांच्या पारडीला ब्रुसेल्लोसिसच्या लशीचं एक इंजेक्शन, तेही सरकारी खर्चानं. गेल्या वर्षी आमची माणसं आली होती तेव्हा पोरानं काय सांगितलं? दूध कमी होतं, नको." पारडीला कसलं आलंय दूध! पण हे कारण गावोगाव ऐकायला मिळतं.

दुसऱ्या दिवशी तात्या डेअरीत गेले आणि चार माणसांदेखत सगळं सांगितलं. सचिवांनी मॅडमना फोन लावला. बाधित म्हशींचं दूध बाजूला काढायचं ठरलं, बाकीचं पाश्चरायझेशनमध्ये निर्धोक होतं. ज्या भीतीनं सगळं झाकलं, ती अर्धी खोटी निघाली. उरलेली अर्धी मात्र खरी ठरली. कडब्याच्या गंजीवाल्या शेजाऱ्याची गाय तोवर गाभडली होती, आणि तो अजून तात्यांच्या ओट्यावर चढत नाही. दलालाला गाठून तात्यांनी पहिल्या म्हशीचं विचारलं, तर तो हसला. त्याच दिवशी ती पुढं गेली होती. कुणाकडं, त्याला आठवत नव्हतं.

बाधित म्हशींवर इलाज करत बसण्यात अर्थ नसतो. जंतू पेशींच्या आत दडतो, औषध तिथवर नीट पोचत नाही. उपाय आहे तो पुढच्या पिढीसाठी. २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेल्लोसिसची लस दिली जाते. ती फक्त मादी वासरांना आणि पारड्यांना द्यायची, आयुष्यात एकदा. लस जिवंत जंतूंची असते, सुई माणसाला लागली तरी रोग होऊ शकतो. तेव्हा ती स्वतः टोचू नका. जार हातमोज्यांशिवाय काढू नका, दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. आणि तुमच्या दावणीला पारडी असेल तर तिचं वय आजच मोजा. आठ महिने उलटायच्या आत दवाखान्यात तिची नोंद करा.