उपकाराचं ओझं

आजचा शास्त्रभाग : गलतीकरांस पत्र ६:१-५



आपण मराठीत किती सहज म्हणतो, "उपकाराचं ओझं नको बाई!" आणि आजच्या शास्त्रभागात पौल आपल्याला एकमेकांची ओझी वाहायला सांगतो. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की प्रश्न पडतो. मी तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं आणि त्या जागी उपकाराचं ओझं ठेवलं, तर तुझा भार कमी झाला, की नुसता बदलला?

आमच्या भगिनी मंडळात हा प्रश्न पुस्तकी नाही. कोणाचं बाळंतपण असो, ऑपरेशन असो, घरात मयत झालेली असो, बहिणी लगेच डब्याची पाळी लावतात. सोमवारी एक, मंगळवारी दुसरी, बुधवारी तिसरी. ऑफिसात आम्ही ऑन-कॉलची पाळी लावतो तशीच, फक्त इथे अलर्ट येण्याची कोणी वाट बघत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका बहिणीला दुसरं बाळ झालं. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच आयटीवाली. तिने तिसऱ्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं, "थँक्यू सिस्टर्स, पण नको. आम्ही बाहेरून मागवतोय." मी भेटायला गेले तेव्हा खरं कारण कळलं. "अगं, एवढ्या सगळ्यांचे डबे मी फेडणार कधी?" टेबलावर डिंकाच्या लाडवांचा एक डबा होता. आमच्या मंडळीतल्या एका मावशींनी पाठवलेला. मावशी तीन घरी पोळ्या लाटतात. ती म्हणाली, "हे तर मी घेऊच शकत नाही. त्यांनाच गरज आहे गं."

ऐकायला किती प्रेमळ वाटतं, नाही? पण थोडं थांबून बघा. या वाक्यात मावशींना एकच जागा उरते, घेणाऱ्याची. नाताळात साडी घ्यायची, शाळा सुरू होताना मुलांच्या वह्या घ्यायच्या, आणि आभार मानायचे. त्यांनी स्वतःच्या कमाईतून डिंक आणि तूप आणलं, रात्री बसून लाडू वळले, आणि आपण "तुम्हालाच गरज आहे" म्हणून ते परत करायचे? पौलाच्या वाक्यातला "एकमेकांची" हा शब्दच मग गळून पडतो. उरते एकीची दुसरीला मदत. तिला दान म्हणता येईल, सहभागिता म्हणता येणार नाही.

शास्त्रातल्या स्त्रिया घ्यायला लाजत नाहीत. प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये यापो गावची दुर्कस मरण पावते, तेव्हा तिथल्या विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवतात. हे मला मिळालं, असं सगळ्यांसमोर सांगताना त्यांना कमीपणा वाटत नाही. लूक १ मध्ये मरीया अलीशिबेच्या घरी सुमारे तीन महिने राहते. एक म्हातारपणी गरोदर, दुसरी लग्नाआधी. त्या तीन महिन्यांत कोणी कोणाला आधार दिला याचा हिशेब लूक देत नाही. तो लागणारही नाही.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं. त्यामागे बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या असोसिएशनचा दहा वर्षांच्या मदतीचा शब्द होता. एवढ्या विद्वान, स्वाभिमानी बाईने परक्या देशातून मदत घेतली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली आणि विधवांना केडगावला आसरा दिला. आणि केडगावला आलेल्या त्या स्त्रिया नुसत्या आश्रित राहिल्या नाहीत. त्या शिकल्या, शिकवू लागल्या, विणकाम आणि छपाई करू लागल्या. मदत बॉस्टनला परत गेली नाही, ती पुढे गेली.

मला वाटतं, उत्तर इथेच आहे. उपकार ओझं होतो तो फेडायचा असतो म्हणून. जिथून आला तिथेच परत करायचा, आणि तोवर मान खाली. मंडळीतली मदत मात्र परत करायची नसते, पुढे द्यायची असते. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात पौल सगळी देणी चुकती करायला सांगतो आणि एकच खातं उघडं ठेवतो, प्रीतीचं. ते कधी बंद होत नाही, म्हणून त्यात थकबाकीची लाजही नाही.

पण एक अडचण राहते, आणि ती टाळून चालणार नाही. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहायला सांगणारा पौल पाचव्या वचनात म्हणतो की ज्याने त्याने आपला भार स्वतःच वाहावा. मग खरं काय? मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनात "बारोस", म्हणजे चिरडून टाकणारं वजन. पाचव्यात "फोर्तिओन", म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा भार. बारोसखाली माणूस एकटा दबून जातो. फोर्तिओन मात्र दुसऱ्यावर ढकलायचा नसतो.

हा फरक डब्याच्या पाळीला लावून बघितला आणि मी जरा अस्वस्थ झाले. बाळंतिणीच्या घरी स्वयंपाक नसणं हे बारोस असू शकतं. पण त्या घरात एक धडधाकट नवरा आहे आणि त्याला वरणभातही येत नाही, तर मग बहिणी नक्की कोणाचं फोर्तिओन वाहतायत? आणि पाळीच्या यादीत एकाही भावाचं नाव का नसतं? कृत्ये ६ वाचा. विधवांना रोजचं अन्न नीट मिळेना, तेव्हा यरुशलेमच्या मंडळीने त्या कामावर सात जण नेमले. सातही पुरुष. स्तेफन त्यातलाच. आपल्याला स्तेफनाचं हौतात्म्य आठवतं, त्याची जेवणाच्या पंगतीवरची नेमणूक आठवत नाही.

त्या बहिणीने लाडू ठेवून घेतले. चार दिवसांनी मावशी बाळाला न्हाऊ घालायला जाऊ लागल्या. आता दोघी उपासनेला एकाच बाकावर बसतात. तिचा नवरा खिचडी शिकला, आणि पुढच्या पाळीत गुरुवार त्याने घेतलाय.

आज स्वतःला दोन प्रश्न विचारा. मी कोणाचं बारोस बघूनही पुढे गेले का? आणि मी कोणाचा डबा "नको" म्हणून परत पाठवला का?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितलंस. द्यायला आम्हाला आवडतं, मागायला मात्र जीभ रेटत नाही. आम्हाला मोकळ्या हातांनी घ्यायला शिकव, आणि आमच्या वाट्याचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्यापासून राख. आमेन.